जो भाग दाखवलाच गेला नाही

१९७७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात हैदराबादला दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले. रामंतापूरच्या त्या केंद्रावरून निघालेली चित्रे शहरातील ज्या पेट्यांत उमटू लागली, त्यांत याच शहरातील ईसीआयएलच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘ईसी’ छापाच्या पेट्याही होत्या. नवलाची गोष्ट अशी की, आंध्र प्रदेशातील काही खेड्यांनी शहराच्याही आधी दूरदर्शन पाहिले होते. १९७५-७६ या एका वर्षात अमेरिकेच्या उपग्रहावरून, म्हणजे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून, शेती-आरोग्याचे कार्यक्रम थेट त्या खेड्यांत उतरत असत. शहराला मात्र मनोरा उभा राहीपर्यंत वाट पाहावी लागली. एखाद्या विज्ञानकथाकाराने असा उलटा क्रम लिहिला असता, तर वाचकांनी तो असंभाव्य ठरवला असता.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, लॉस एंजेलिसमध्ये, पॅरामाउंट कंपनीच्या आवारात एका दूरचित्रवाणी मालिकेची जय्यत तयारी चालू होती. मालिका अंतराळप्रवासाची होती आणि तिच्या पहिल्याच भागासाठी मुंबईच्या एका पारशी तरुणीची निवड झाली होती. तिचे नाव पर्सिस खंबाटा. तो भाग पुढे कधीच दाखवला गेला नाही. इतकेच नव्हे, तर तो त्या रूपात चित्रितही झाला नाही. तथापि त्याच्या पायी त्या तरुणीला जे द्यावे लागले, ते तिने दिले. त्या न झालेल्या भागाच्या पडद्यामागची ही हकीकत आहे.

‘स्टार ट्रेक’ हे नाव हैदराबादच्या मराठी घरांना पुढे १९८० नंतरच्या दशकात ओळखीचे झाले. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागे. सुलतान बाजारात किंवा काचीगुड्याला ज्याच्या घरी पेटी असे, त्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडे. इंग्रजी सगळ्यांनाच कळे असे नाही. परंतु टोकदार कानांचा तो गंभीर चेहऱ्याचा अधिकारी, आणि माणसे उभ्या उभ्या चमचमत नाहीशी होतात तो प्रकार, एवढ्यावर मुलांचे समाधान होई. मूळ मालिका मात्र त्या वेळी बरीच जुनी झालेली होती. जीन रॉडनबेरी या लेखकाने ती निर्माण केली आणि अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात तिचे ७९ भाग दाखवण्यात आले.

त्या जुन्या मालिकेचे पडद्यामागचे किस्से ऐकले, म्हणजे दारिद्र्य हीच कल्पकतेची आई असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. माणसे नाहीशी होण्याची ती सुप्रसिद्ध युक्ती कशी निघाली? दर आठवड्याला अवकाशयान नव्या ग्रहावर उतरवून दाखवायचे, तर खर्च फार. तेव्हा यान उतरवूच नये, माणसेच विरघळवून खाली पाठवावीत, असे ठरले. त्यातील चमचमाट म्हणजे प्रकाशाच्या झोतात सोडलेली ॲल्युमिनियमची पूड होती. यानाची दारे माणूस जवळ येताच आपोआप उघडत. वास्तविक ती भिंतीआड उभे राहिलेले कामगार हातांनी ओढत आणि त्यांचा अंदाज जरा चुकला की नट दारावर जाऊन आपटे. सर्वप्रथम दाखवल्या गेलेल्या भागात मिठासाठी हपापलेला एक प्राणी आहे. त्याच्यासाठी अगदी नव्या घाटाच्या मीठदाण्या बाजारातून आणल्या; पण त्या इतक्या विचित्र निघाल्या की त्या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकांना कळणार नाही अशी भीती वाटली. त्या टाकून न देता यानावरील डॉक्टरच्या हाती शस्त्रक्रियेची हत्यारे म्हणून देण्यात आल्या. पुढे तीन वर्षे तो डॉक्टर मीठदाण्यांनी माणसे बरी करीत होता!

मालिका बंद पडली, पण तिचे चाहते वाढतच गेले. १९७७ साली पॅरामाउंट कंपनीने स्वतःचे दूरचित्रवाणी जाळे उभारण्याचा घाट घातला. त्या जाळ्याचे मुख्य आकर्षण म्हणून ‘स्टार ट्रेक’चे दुसरे पर्व काढायचे ठरले. जुने नट परत येणार होते. मात्र टोकदार कानांच्या अधिकाऱ्याचे काम करणारे लिओनार्ड निमॉय यांचे जमले नव्हते. म्हणून त्यांच्या जागी झॉन नावाचे नवे पात्र योजून डेव्हिड गोट्रो या तरुण नटाला घेण्यात आले. यानाचा मार्ग आखणारी इलिया नावाची परग्रहावरील स्त्री हे दुसरे नवे पात्र होते. डेल्टा नावाच्या ग्रहावरच्या या लोकांच्या डोक्यावर मुळी केसच नसतात, अशी रॉडनबेरी यांची कल्पना होती.

या इलियासाठी पर्सिसबाईंची निवड झाली. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९४८ रोजी मुंबईत झाला. वडील लहानपणीच घर सोडून गेले. तेराव्या वर्षी काढलेली त्यांची छायाचित्रे एका साबणाच्या जाहिरातीत झळकली आणि १९६५ साली त्या ‘मिस इंडिया’ झाल्या. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘बंबई रात की बाहों में’ या चित्रपटात त्यांनी काम केले. पुढे इंग्लंडच्या वाटेने अमेरिकेला जाऊन त्या छोट्यामोठ्या भूमिका करीत होत्या. त्या काळी हिंदुस्थानी नटीला तिकडे काय भूमिका मिळत, हे सांगायला नको. राजकन्या किंवा दासी, याखेरीज तिसरे काही सहसा नसे. इलियाला मात्र ना देश होता, ना जात. निवडीच्या वेळी केस झाकण्यासाठी पर्सिसबाई डोक्याला घट्ट बसणारा टकलाचा टोप घालून उभ्या राहिल्या, आणि भूमिका त्यांना मिळाली. काम दूरचित्रवाणीचे होते. ते चालू राहिले असते तर एक भाग करून संपणारे नव्हते. आठवड्यामागून आठवडे, कदाचित वर्षानुवर्षे ते चालले असते. परक्या देशात पाय रोवू पाहणाऱ्या नटीला याहून मोठे आश्वासन कोणते?

त्या पहिल्या भागाचे कथानक मूळ ॲलन डीन फॉस्टर या लेखकाचे, आणि त्याची पटकथा हॅरॉल्ड लिव्हिंग्स्टन यांची. पृथ्वीवरून फार पूर्वी सोडलेले एक निर्जीव अन्वेषक यान अंतराळात भटकता भटकता अफाट ज्ञान मिळवते, त्याला जाणीव येते आणि आपला निर्माता कोण याचा शोध घेत ते परत येते. त्याच्याशी बोलणार कोण? तर ते यान इलियाचे हरण करते आणि हुबेहूब तिच्या रूपाचे एक यंत्र बनवून माणसांत पाठवते. त्या यंत्राच्या मुखाने ते आपल्या निर्मात्याची चौकशी करते. पुढे झालेल्या चित्रपटात या यानाचे नाव ‘व्हॉयेजर’ असे निघते; मधली अक्षरे झाकली गेल्यामुळे ते स्वतःला ‘व्हीजर’ म्हणवून घेत असते.

खरी ‘व्हॉयेजर’ याने याच वर्षी सुटली: एक २० ऑगस्टला, दुसरे ५ सप्टेंबरला. दोहोंवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि तिच्यात ५५ भाषांतून अभिवादने मुद्रित केली आहेत. निजामाच्या राज्याच्या चारही भाषा, म्हणजे उर्दू, तेलुगू, मराठी आणि कानडी, त्यांत आहेत. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई वारल्या, तेव्हा त्यांचा आवाज पृथ्वी सोडून गेल्याला एक महिनाही झाला नव्हता. खऱ्या यानाबरोबर केरीच्या गायिकेचा सूर गेला. कल्पनेतले यान परत येऊन बोलले ते मुंबईच्या मुलीच्या मुखाने. लॉस एंजेलिसच्या लेखकांनी हे जुळवून आणलेले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

आता त्या केसांची गोष्ट. पर्सिसबाई प्रथम केस काढायला उत्साहाने तयार होत्या. परंतु केस खरोखर काढण्याची वेळ आली तेव्हा मालिकाच उरलेली नव्हती. १९७७ संपता संपता दूरचित्रवाणी जाळ्याचा बेत बारगळला. चित्रीकरण सुरू होण्याच्या बेतात होते, देखावे उभे राहत होते, पोशाख शिवले गेले होते, आणि सगळे थांबले. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ व ‘क्लोज एन्काउंटर्स’ या अंतराळविषयक चित्रपटांनी अमाप पैसा मिळवला होता. कंपनीच्या धुरीणांना वाटले, या कथेचा दूरचित्रवाणीचा भाग कशाला करायचा, चित्रपटच करावा. २८ मार्च १९७८ रोजी तशी घोषणा झाली आणि दिग्दर्शनाचे काम रॉबर्ट वाइज यांच्याकडे आले.

माध्यम बदलले आणि पडद्यामागे उलथापालथ झाली. दूरचित्रवाणीसाठी बनवलेली यानाची प्रतिकृती मोठ्या पडद्यावर टिकेना, ती बाजूला ठेवून नवी करावी लागली. निमॉय परत आले, म्हणून झॉनची गरज संपली. ज्या गोट्रो यांनी महिनोगणती त्या भूमिकेची तयारी केली होती, त्यांच्या वाट्याला अंतराळस्थानकावरच्या एका अधिकाऱ्याचे चिमुकले काम आले, आणि ते स्थानकही चित्रपटाच्या आरंभीच नष्ट होते. मालिकेसाठी निवडलेल्या नव्या मुख्य नटांपैकी आपल्या मूळ भूमिकेसह टिकल्या त्या एकट्या पर्सिसबाई.

मोठा पडदा म्हणजे चेहरा दहा हात रुंद दिसणार. टोपाची कड तेथे लपत नाही. वस्तरा आता टळणार नव्हता. तो दिवस जवळ आला तसा पर्सिसबाईंचा धीर खचू लागला. केस पुन्हा पूर्वीसारखे आले नाहीत तर? त्यांनी सुचवले की निर्मात्यांनी आपल्या केसांचा विमा उतरावा. सूचना हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. जी स्त्री रूपावर पोट भरते तिचे केस हे तिचे भांडवल. पण विम्याचे जमेना. हप्ता जबर पडला असता, आणि नवे केस जुन्यांच्या तोडीचे नाहीत हे सिद्ध कसे करणार, हाही प्रश्न होता. अखेर विम्याऐवजी उपचारांवर समाधान मानावे लागले. बेव्हर्ली हिल्समधील एका सौंदर्यालयात डोक्याच्या त्वचेचे उपचार झाले आणि सहा महिने तेल, साबण, मालीश यांचा क्रम त्यांनी पाळला. फ्रेड फिलिप्स हे जुन्या मालिकेपासूनचे मुरब्बी रंगभूषाकार होते. त्यांनी पर्सिसबाईंचे लांब केस उतरवले. प्रसिद्धीसाठी त्या प्रसंगाचेही चित्रण करण्यात आले. पर्सिसबाईंच्या डोळ्यांना पाणी आले. उतरलेले केस त्यांनी टाकू दिले नाहीत. ते जपून ठेवले.

अमेरिकन वृत्तपत्रांना ही एक गंमत वाटली. मराठी माणसाला ती गंमत वाटणे कठीण. आपल्याकडे स्त्रीचे मुंडित मस्तक म्हटले की आलवणातली विधवा डोळ्यांपुढे येते. ज्या चालीविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निश्चय केला, ती चाल सहजासहजी स्मरणातून जात नाही. परंतु हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या डोळ्यांना दुसरेही एक दृश्य सवयीचे झालेले असते. काचीगुडा स्थानकावर तिरुपतीकडची गाडी आली की फलाटावर मुंडन केलेल्या, डोक्याला चंदन फासलेल्या स्त्रिया उतरतात. त्यांत वृद्धा असतात, तशाच नव्या नवऱ्या आणि शाळकरी मुलीही असतात. त्यांनी तिरुमलेच्या कल्याणकट्ट्यावर केस वाहिलेले असतात आणि त्या प्रसन्न मुद्रेने प्रसादाचे लाडू वाटीत घरी जातात. एकाच शहरात, एकाच गल्लीत, तेच मुंडित मस्तक एका घरात अपशकुन आणि शेजारच्या घरात फेडलेला नवस! ख्रिस्ती धर्मभगिनींच्या कित्येक संघांतही पूर्वी व्रत घेताना केस कापीत आणि त्या दिवशी आईवडील अभिमानाने हजर राहत.

या तिन्हींपैकी पर्सिसबाईंचा प्रकार कोणता? कथेत इलियाने आपल्या चाकरीसाठी ब्रह्मचर्याची शपथ घेतली आहे, परंतु तिचे केस त्या शपथेपायी गेलेले नाहीत. ते जन्मतःच नाहीत. नटीचे मात्र गेले, आणि तेही ना दुःखासाठी, ना देवासाठी, केवळ कामासाठी. गंधर्वांच्या काळी महाराष्ट्रातील तरुणांनी रंगभूमीसाठी केस वाढवले होते. त्यांच्याविषयी आपण आदराने बोलतो. रंगभूमीसाठी केस उतरवणाऱ्या स्त्रीविषयी तसे बोलायला आपली जीभ अजून जरा अडखळते, हे कबूल करावे लागेल.

चित्रीकरण ७ ऑगस्ट १९७८ रोजी सुरू झाले आणि २६ जानेवारी १९७९ पर्यंत चालले. केस तर रोज उगवतात. म्हणजे जवळजवळ सहा महिने वस्तरा खाली ठेवण्याची सोय नव्हती. चमत्कृतीची दृश्ये करण्याचे काम ज्या संस्थेला दिले होते तिच्याकडून ते काढून घ्यावे लागले आणि डग्लस ट्रंबुल व जॉन डायक्स्ट्रा यांनी रात्रीचा दिवस करून ते पुरे केले. ६ डिसेंबर १९७९ रोजी वॉशिंग्टन येथे पहिला खेळ झाला, तेव्हा चित्रपटाची ओली प्रत दिग्दर्शक वाइज स्वतःबरोबर घेऊन आले होते. एकूण खर्च सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर सांगितला जातो. त्यात त्या न झालेल्या मालिकेच्या तयारीचा खर्चही धरलेला आहे.

चित्रपट संथ आहे, ही टीका त्या वेळी झाली आणि ती खोटी नाही. परंतु त्यातला एक प्रसंग पुन्हा पाहण्याजोगा आहे. इलियाच्या रूपाच्या त्या यंत्रात मूळ इलियाच्या काही आठवणी उतरल्या असाव्यात असा सोबत्यांना संशय येतो. तिच्या खोलीत तिचा एक जुना शिरपट्टा सापडतो. तो त्या केशहीन मस्तकावर बांधला जातो, ती आरशात पाहते, आणि यंत्राच्या कोरड्या नजरेत क्षणभर कोणीतरी जागे होते. संवाद जवळजवळ नाहीत. सगळे काम डोळ्यांनी केलेले आहे. जेरी गोल्डस्मिथ यांनी इलियासाठी स्वतंत्र धून रचली होती. पडद्यावर काही दिसण्यापूर्वीच ती प्रेक्षकांना ऐकू येई.

पर्सिसबाईंचे केस पुन्हा पूर्ववत वाढले. १९८० च्या ऑस्कर समारंभात पारितोषिक देण्यासाठी त्या मंचावर आल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय नागरिक होत. त्यानंतर मात्र तोलामोलाची भूमिका त्यांना क्वचितच मिळाली. जर्मनीत एका अपघातात डोक्याला मोठी जखम झाली, १९८३ साली हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे त्या मुंबईला परतल्या. ‘मिस इंडिया’ झालेल्या स्त्रियांवर त्यांनी लिहिलेले ‘प्राइड ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९९७ साली निघाले. ते त्यांनी मदर तेरेसांना अर्पण केले आणि मानधनाचा काही भाग त्यांच्या संस्थेला दिला. १८ ऑगस्ट १९९८ रोजी, वयाची पन्नाशीही पुरी झालेली नसताना, मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

न झालेल्या त्या मालिकेचे लाकूडसामान मात्र वाया गेले नाही. यानाच्या बोळांचे देखावे चित्रपटात वापरले गेले आणि १९८७ साली ‘स्टार ट्रेक’ची नवी मालिका निघाली तेव्हा डागडुजी करून पुन्हा कामी आले. १९८८ साली अमेरिकेत लेखकांचा संप झाला आणि संहितांची चणचण भासली, तेव्हा जुन्या कपाटातून न झालेल्या मालिकेची एक संहिता काढून ती नव्या मालिकेत दाखवली गेली. नव्या यानावरील दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी आणि दुसऱ्याचे मन जाणणारी परग्रहकन्या ही जोडीही जुन्या डेकर आणि इलिया यांच्यावरूनच घेतलेली आहे. तिला मात्र भरपूर केस ठेवले होते.

जो भाग दाखवलाच गेला नाही, त्याच्यापैकी आज पाहायला मिळतात ते १९७७ साली चाचणीसाठी घेतलेले चित्रफितीचे काही तुकडे. त्यांत पर्सिसबाई इलियाच्या वेषात उभ्या आहेत. मस्तक गुळगुळीत दिसते. पण तो टोप आहे, आणि त्याच्या आत त्यांचे सगळे केस आहेत.